पातळीतले मन : ‘इक्वॅनिमिटी’ या शब्दाचा अर्थ आणि लॅटिन उगम

रोमन सम्राट अँटोनायनस पायस इ.स. 161 च्या मार्च महिन्यात रोमजवळच्या लोरियम येथील आपल्या वाड्यात वारला, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडलेली होती आणि बावीस वर्षांहून अधिक काळ राज्य केलेले होते. ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या जुन्या लॅटिन चरित्रसंग्रहात त्याच्या शेवटच्या तीन दिवसांचा वृत्तांत आला आहे. रात्रीच्या जेवणात त्याने आल्प्समधले चीज जरा हावरेपणानेच खाल्ले, रात्री त्याला उलटी झाली आणि दुसऱ्या दिवशी ताप भरला. तिसऱ्या दिवशी आपले काही खरे नाही हे ओळखून त्याने राज्य आणि आपली मुलगी जावई व वारस असलेल्या मार्कस ऑरेलियसच्या हवाली केली, आपल्या शयनगृहात नेहमी असणारी फॉर्च्युना या भाग्यदेवीची सोन्याची मूर्ती त्याच्याकडे पोहोचवायला सांगितले, पहाऱ्यावरच्या ट्रिब्यूनला, म्हणजे लष्करी अधिकाऱ्याला, परवलीचा शब्द दिला, आणि झोप लागल्यासारखी कूस बदलून प्राण सोडला. तो परवलीचा शब्द होता ‘ऐक्वनिमितास’. या चरित्रसंग्रहावर इतिहासकार फार भरवसा ठेवत नाहीत, त्यात पदरच्या गोष्टी पुष्कळ आहेत. तरी ही गोष्ट रचलेली असली तर रचणाऱ्याला शब्दांची जाण होती, एवढे मान्य करावे लागते.

याच लॅटिन शब्दापासून इंग्रजीतला ‘इक्वॅनिमिटी’ आला. मराठीत त्याचे भाषांतर बहुतेक वेळा ‘मनःशांती’ किंवा ‘शांतपणा’ असे केले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे, आणि ते कुठे अपुरे पडते हे शब्दाची फोड केल्यावाचून लक्षात येत नाही.

शब्दाचे दोन अवयव आहेत. पहिला ‘ऐक्वुस’, म्हणजे सपाट, समतल, चढउतार नसलेले. हे मुळात जमिनीचे विशेषण आहे. ज्युलियस सीझरच्या युद्धवर्णनांत सैन्य ‘ऐक्वुस’ जागी उभे असते किंवा ‘इनिक्वुस’ जागी सापडते. पहिली म्हणजे लढायला सोयीची सपाट भूमी, दुसरी म्हणजे खडबडीत, उताराची, आपल्याला अडचणीची. पाण्याच्या पृष्ठभागालाही हीच कल्पना लावून ‘ऐक्वोर’ हे नाम तयार झाले. त्याचा अर्थ सपाट विस्तार, आणि कवींच्या भाषेत समुद्र. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनिड’ या महाकाव्यात नायक इनिअसच्या मृत पत्नीची छाया त्याला सांगते, की तुला दीर्घ वनवास भोगायचा आहे आणि समुद्राचे विशाल ‘ऐक्वोर’ नांगरायचे आहे. समुद्र नांगरायचा म्हणजे तो माळरानासारखा डोळ्यांपुढे आला, हे उघड आहे. गंमत अशी, की हा समुद्र पुढे वादळांनी खवळतो तरी कवी त्याला ‘ऐक्वोर’च म्हणत राहतात. लाटा येतात आणि जातात, पातळी मात्र तीच राहते.

येथे एका गैरसमजाची वाट बंद केलेली बरी. लॅटिनमध्ये ‘एक्वुस’ असाही एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ घोडा. आपला ‘अश्व’ आणि हा ‘एक्वुस’ एकाच मूळ कुळातले आहेत. घोडेस्वारीला इंग्रजीत ‘इक्वेस्ट्रियन’ म्हणतात तो शब्द तिकडचा. समानतेच्या ‘इक्वल’शी त्याचा काही संबंध नाही. दोन्हींत फरक एका मात्रेचाच आहे, पण घोडा वेगळा आणि पातळी वेगळी.

सपाट जमिनीवरून अर्थ पुढे सरकला तो दोन बाजू सारख्या असण्याकडे, आणि तिथून न्यायाकडे. दिवस आणि रात्र समसमान करणारे वर्तुळ ते ‘इक्वेटर’; आपण त्याला विषुववृत्त म्हणतो, आणि ‘विषुव’ या संस्कृत शब्दाच्या पोटातही ‘दोन्ही बाजूंना’ हाच भाव आहे. तराजूची दोन्ही पारडी सारखी राहणे ते ‘इक्विलिब्रियम’, कारण ‘लिब्रा’ म्हणजे तराजू. कोणाकडेही न झुकणारा व्यवहार तो ‘ऐक्वितास’, ज्याची इंग्रजीत ‘इक्विटी’ झाली. रोमन नाण्यांवर ही ऐक्वितास देवी हाती तराजू घेऊन उभी असते. याच्या उलट, ‘इन’ हा नकार लागून जो ‘इनिक्वुस’ शब्द झाला, त्याने सीझरच्या अडचणीच्या उतारावरून निघून थेट अन्यायापर्यंत मजल मारली, आणि इंग्रजीत ‘इनिक्विटी’ म्हणजे घोर दुष्कृत्य, पाप असा त्याचा अर्थ झाला. मराठी वाचकाला हा प्रवास ओळखीचा वाटेल. रस्ता ‘विषम’ असतो, हवामान ‘विषम’ असते, आणि ‘विषमता’ म्हटले की आपण थेट समाजातल्या अन्यायाबद्दल बोलू लागतो. लॅटिन ‘ऐक्वुस’ आणि संस्कृत ‘सम’ हे व्युत्पत्तीने एकमेकांचे कोणी लागत नाहीत, तरी दोघांनी स्वतंत्रपणे जवळजवळ तोच रस्ता कापला आहे.

दुसरा अवयव ‘अनिमुस’. याचा अर्थ मन, वृत्ती, मनाचा कल, हिय्या. त्याची बहीण ‘अनिमा’ म्हणजे श्वास, जीव. हे नाते मात्र खरोखर आपल्या घरचे आहे. ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे हा संस्कृत धातू आणि ‘अनिमुस’चे मूळ एकच; त्या धातूपासून आपल्याकडे ‘प्राण’, ‘अपान’, ‘उदान’ आले आणि वाऱ्याला ‘अनिल’ हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत वाऱ्याला ‘अनेमोस’ म्हणतात तेही याच कुळातले. म्हणजे अनिल नावाचा एखादा गृहस्थ आणि इंग्रजीतला ‘ॲनिमल’ यांचे दूरचे नाते निघते, ते त्यांनी मनावर घेऊ नये.

‘अनिमुस’ जोडून झालेले इतर शब्द पाहिले की घडण स्पष्ट होते. एक आणि अनिमुस मिळून ‘युनॅनिमस’, म्हणजे एकमताचा. मोठा आणि अनिमुस मिळून ‘मॅग्नॅनिमस’, ज्याचे ‘महामना’ हे अक्षरशः भाषांतर होईल, कारण ‘मॅग्नुस’ आणि ‘महा’ हेही सगोत्रच आहेत. अगदी छोटे, चिमुकले अनिमुस असलेला तो ‘प्युसिलॅनिमस’, म्हणजे भित्रा. या रांगेत ‘इक्वॅनिमिटी’ ठेवली तर तिचा शब्दशः अर्थ ‘सम-मनस्कता’ असा होतो. यात शांततेचा उल्लेख नाही. मन गप्प आहे की बोलके, थंड आहे की तापलेले, याविषयी हा शब्द काहीच सांगत नाही; ते पातळीत आहे एवढेच सांगतो.

गवंड्याचे काम जवळून पाहिलेल्या माणसाला यातला फरक लगेच कळेल. दोन खांबांवर एकाच उंचीची खूण करायची असते तेव्हा गवंडी पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी घेतो, तिच्यात पाणी भरतो, आत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना हे बघतो, आणि नळीचे एक टोक एका खांबाला व दुसरे टोक दुसऱ्या खांबाला लावतो. मधली नळी जमिनीवर कशीही वेडीवाकडी पडलेली असो, विटांच्या ढिगावरून गेलेली असो, दोन्ही टोकांशी पाणी एकाच पातळीला येते. टोक हलवले की पाणी वरखाली होते, झोके घेते, आणि पुन्हा जागेवर येते. ते स्थिरावते ते पातळी सापडल्यामुळे. ‘ऐक्वुस’ हा शब्द या पातळीविषयी आहे, पाण्याच्या स्थिरतेविषयी नव्हे. स्थिरता मागून येते.

रोमन लोक रोजच्या बोलण्यात या दोन शब्दांचा ‘ऐक्वो अनिमो’ असा जोड वापरत. त्याचा अर्थ ‘सम मनाने’. लॅटिनमध्ये नामाला आणि विशेषणाला विभक्तीप्रत्यय लागतात आणि ही त्यांची तृतीयेसारखी विभक्ती आहे. एखादी गोष्ट ‘ऐक्वो अनिमो’ सोसणे म्हणजे ती वाईट वाटून न घेता, कुरकुर न करता पत्करणे. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याच्या लेखनात हा प्रयोग पदोपदी भेटतो.

पण मला या शब्दाच्या जुन्या उपयोगांत सर्वांत बोलका वाटतो तो नाटककार टेरेन्सचा. त्याचे ‘हेकिरा’ हे नाटक इ.स.पू. 165 मध्ये रंगमंचावर आले आणि पडले, कारण जवळच मुष्टियोद्ध्यांचा आणि दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याचा खेळ असल्याची हूल उठली व प्रेक्षकांत गोंधळ माजला. चार वर्षांनी, इ.स.पू. 161 मध्ये, ‘फोर्मिओ’ या नाटकाच्या नांदीत सूत्रधार प्रेक्षकांना विनवतो, की सम मनाने आणि शांतता राखून नाटक पाहा, म्हणजे गोंधळामुळे आमच्या मंडळीला मागे रंगमंच सोडावा लागला तशी पाळी पुन्हा येणार नाही. तो रंगमंच आम्हाला परत मिळाला तो आमच्या प्रमुख नटाच्या गुणांमुळे आणि तुमचा चांगुलपणा व तुमची ‘ऐक्वनिमितास’ यांमुळे. येथे ‘सम मनाने’ आणि ‘शांततेत’ या दोन वेगळ्या विनंत्या आहेत. प्रेक्षक चिडीचूप बसूनही आधीच नाक मुरडून बसलेला असू शकतो, हे नाटकवाल्यांना आपण सांगायला नको. टेरेन्स शांततेशिवाय आणखी काहीतरी मागतो आहे, आणि ते म्हणजे निःपक्षपातीपणा, खुल्या मनाने न्याय करण्याची तयारी. ‘ऐक्वनिमितास’ या नामाच्या अगदी सुरुवातीच्या वापरांपैकी हा एक आहे, आणि तिथे त्याचा अर्थ ‘शांती’ मुळीच नाही.

या शब्दाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते येथेच आहे. सम मन हा आधी दुसऱ्याविषयी न्यायाने वागण्याचा गुण होता, आणि नंतर तो स्वतःच्या सुखदुःखाला लावला गेला. प्रेक्षकाने नाटकाकडे जसे न झुकता पाहावे, तसे माणसाने स्वतःच्या नशिबाकडे पाहावे. आपल्यावर आलेला प्रसंग हा जणू कोणा दुसऱ्याचा दावा आहे, अशा तऱ्हेने तो ऐकून घ्यावा. शांतता हा त्याचा परिणाम असेल, पण गाभा न्यायबुद्धीचा आहे.

कवी हॉरेसने हे वळण एका ओळीत पकडले आहे. त्याच्या ‘ओड्स’चे पहिले तीन भाग इ.स.पू. 23 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दुसऱ्या भागातल्या तिसऱ्या कवितेत तो डेलियस नावाच्या मित्राला सांगतो, की चढणीच्या प्रसंगी मन सम राखायची आठवण ठेव, आणि चांगल्या दिवसांतही ते बेताल आनंदापासून आवरून धर, कारण डेलियस, तुला मरायचे आहे. ‘चढणीच्या’ हे मी मुद्दाम म्हटले. हॉरेसने वापरलेल्या ‘अर्दुउस’ या विशेषणाचा पहिला अर्थ ‘उंच, खडा चढ’ असाच आहे, आणि ‘अवघड’ हा अर्थ त्यातून आला. खडी चढण आणि सपाट मन असा विरोध कवीने शेजारी शेजारी ठेवला आहे, जो ‘शांत मन’ असे भाषांतर करताच नाहीसा होतो. शिवाय त्याने ‘अनिमुस’ऐवजी ‘मेन्स’ हा शब्द घेतला आहे, जो आपल्या ‘मनस्’ आणि ‘मति’ यांचा सख्खा आप्त आहे. आणखी एक गोष्ट सुटू नये: आनंदाच्या दिवसांतही मन आवरायचे आहे. दुःखात धीर धरणे याला आपण सहज सद्गुण मानतो, पण पातळीला दोन्ही बाजू असतात, आणि पगारवाढीच्या दिवशी तिची आठवण कोणाला होत नाही. हा डेलियस कसा माणूस होता हे कळले की कवितेला वेगळीच चव येते. यादवी युद्धाच्या काळात त्याने इतक्या वेळा पक्ष बदलले, की मेस्साला या त्याच्या समकालीनाने त्याला यादवी युद्धांमधला ‘देसुल्तोर’ म्हटले. सर्कशीत धावत्या घोड्यावरून दुसऱ्या घोड्यावर उडी मारणारा तो देसुल्तोर. पातळीचा उपदेश नेमका याला करावा, हा हॉरेसचा खट्याळपणा असावा.

विकारांवर विवेकाचा ताबा असावा असे शिकवणाऱ्या स्टोइक तत्त्वज्ञांनी या गुणाला मोठी प्रतिष्ठा दिली, पण त्यांची मूळ परिभाषा ग्रीक होती आणि तिचे लॅटिन करताना तारांबळ उडाली. विकारांच्या आहारी न जाण्याला ग्रीकमध्ये ‘अपाथेइया’ म्हणत. त्यांच्यातलाच रोमन लेखक सेनेका आपल्या एका पत्रात लिहितो, की या शब्दाला घाईने एकच लॅटिन शब्द द्यावा आणि ‘इम्पातिएन्तिया’ म्हणावे, तर घोटाळा होतो, कारण ज्याला काही सोसतच नाही अशा माणसालाही तो शब्द लागू पडतो. त्याची भीती खरी ठरली असे म्हणता येईल: आजच्या इंग्रजीत ‘इम्पेशन्स’ म्हणजे उतावीळपणा, आणि मूळ ‘अपाथेइया’ची ‘ॲपथी’ झाली, म्हणजे बेपर्वाई.

इंग्रजीत शांतपणासाठी असलेले इतर शब्द वेगळ्या वाटांनी आले आहेत. ‘सिरीन’ हा निरभ्र आकाशाचा शब्द आहे. ‘ट्रँक्विल’ लॅटिनमध्ये विशेषतः शांत समुद्राविषयी वापरला जाई. ‘काम’ (calm) या शब्दाची कथा सर्वांत विचित्र आहे: त्याच्या मुळाशी ग्रीक ‘काउमा’, म्हणजे जाळणारी उष्णता. भूमध्य समुद्राकाठच्या भर दुपारी ऊन इतके कडक, की सगळे व्यवहार थांबतात, माणसे सावलीला पडतात, वाराही पडतो; त्या निपचित दुपारीवरून ‘काम’ला शांततेचा अर्थ मिळाला. वैशाखातल्या विदर्भाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पण आकाश, समुद्र आणि दुपार या तिन्ही गोष्टी आपल्या हातच्या नाहीत, त्या आपोआप निवळतात. पातळी मात्र राखावी लागते.

सतराव्या शतकाच्या आसपास ‘इक्वॅनिमिटी’ इंग्रजीत रूढ होत गेली, तेव्हा तिच्यासोबत ‘निःपक्षपातीपणा’ हा टेरेन्सचा अर्थही आला होता. कालांतराने तो मागे पडून ‘न ढळणारी मनोवृत्ती’ एवढाच अर्थ उरला. तो ज्याने सर्वांत गाजवला तो माणूस डॉक्टर होता. कॅनडात 1849 साली जन्मलेला विल्यम ऑस्लर 1 मे 1889 रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सकडे निघताना नव्या डॉक्टरांसमोर बोलला, आणि त्या भाषणाला त्याने ‘ऐक्वनिमितास’ असेच नाव दिले. लोरियमला मरणशय्येवर असलेल्या अँटोनायनसच्या परवलीच्या शब्दाची आठवण त्याने त्या वेळी करून दिली. त्याने दोन गुण वेगळे केले. एक शरीराचा: प्रसंग कितीही बाका असो, डॉक्टरच्या चेहऱ्याची रेषा हलता कामा नये, कारण ज्याच्या तोंडावर घाबरगुंडी दिसते त्याच्यावरचा रोग्याचा विश्वास उडतो. दुसरा मनाचा, आणि तो ‘इक्वॅनिमिटी’. पहिल्या गुणासाठी थोडी संवेदना बोथट करावी लागते हेही त्याने स्पष्ट सांगितले, मात्र ज्या हृदयाच्या बळावर आपण जगतो ते कठोर होऊ देऊ नका, ही पुस्ती जोडली.

त्या पुस्तीवरच पुढचा सगळा वाद उभा आहे. डॉक्टर निर्विकार असावा या शिकवणीने कोरडे, रोग्याकडे न पाहता कागदाकडे पाहणारे डॉक्टर तयार होतात, अशी टीका वैद्यकाच्या क्षेत्रात वारंवार झाली आहे. मला ती टीका ऑस्लरपेक्षा त्याच्या वाचकांना अधिक लागू पडते असे वाटते, कारण त्यांनी शरीराचा गुण उचलला आणि मनाचा तिथेच ठेवला. स्वतः ऑस्लरच्या वाट्याला परीक्षा उशिरा आली. त्याचा एकुलता एक हयात मुलगा पहिल्या महायुद्धात ऑगस्ट 1917 मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला, आणि ऑस्लर स्वतः डिसेंबर 1919 मध्ये वारला.

बेपर्वाईकडे घसरण्याचा धोका आपल्याही शब्दाने अनुभवला आहे. बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्यापुढची चौथी वृत्ती ‘उपेक्खा’ आहे, जिचे इंग्रजी भाषांतर सर्रास ‘इक्वॅनिमिटी’ असे केले जाते. पतंजलीच्या योगसूत्रांतही हीच चौकडी ‘उपेक्षा’ या संस्कृत रूपात येते. शब्दाची फोड ‘जवळून पाहणे’ अशी आहे, न झुकता पाहत राहणे. मराठीत मात्र ‘उपेक्षा’ म्हणजे हेळसांड. म्हाताऱ्या आईबापांची उपेक्षा होते, रस्त्यांची उपेक्षा होते. ग्रीक ‘अपाथेइया’चे झाले तेच तिचेही झाले: न झुकणे आणि ढुंकून न पाहणे यांतली रेघ बोलणाऱ्यांनी पुसून टाकली. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रामुळे सत्यनारायण गोएंकांचे प्रवचन महाराष्ट्रात पुष्कळांनी ऐकले आहे. त्यात इंग्रजीत ‘इक्वॅनिमस’ राहा असे सांगणारे गोएंका हिंदीत ‘समता’ हा शब्द वापरतात, ही निवड मला फार समंजस वाटते. ‘समता’ ऐकताच मराठी माणसाच्या मनात स्वातंत्र्य आणि बंधुता हे शब्दही उभे राहतात, आणि टेरेन्सने प्रेक्षकांकडे मागितलेला न्यायाचा अर्थ आपोआप आत येतो.

उलट दिशेचा पूल त्याआधीच एका मुंबईकराने बांधला होता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर 1882 साली मॅक्स म्युलर यांच्या ग्रंथमालेत निघाले. दुसऱ्या अध्यायातल्या ‘समत्वं योग उच्यते’ या चरणाशी आल्यावर त्यांनी समत्वासाठी शांततेचा कोणताही शब्द न घेता ‘इक्वेबिलिटी’ हा शब्द घेतला, म्हणजे ‘ऐक्वुस’च्याच घरातला. तेलंग पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

राहता राहिला अँटोनायनसचा ट्रिब्यून. रोमन परवलीचा शब्द पहाऱ्यावरच्या शिपायांसाठी असे. तो ऐकून त्याने बाहेर जायचे, शिपायांना सांगायचा, आणि रात्रभर दारात येणाऱ्या प्रत्येकाकडून तोच वदवून घ्यायचा. हा प्रसंग मराठीत लिहिताना मी तिथे ‘समचित्त’ लिहीन. ‘शांत’ लिहिले, तर पहारेकऱ्यालाच झोप लागायची.